वाकलेल्या कडेची दीर्घिका

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे आणि जन्मापासून भित्रा आहे. तुर्भ्याच्या कारखान्यात मी फ्रीजचा खोका झालो आणि कामोठ्याच्या एका फ्लॅटमध्ये पोचलो. फ्रीजला घरात जागा मिळाली, मला गॅलरीत! खाली भंगारवाल्याची हाक आली की माझी घडी न घडी थरथरायची.

एक दिवस त्या घरातल्या अबोलीने मला उचललं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला सर्पिल दीर्घिका करायची होती, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची भलीमोठी भिंगरी. तिने मला कात्रीने गोल कापलं. बाप रे, काय तो आवाज! मग निळा रंग दिला. रंग वाळताना मी जरा फुगलो.

"गादीखाली ठेव गं," आई म्हणाली. "बाबांच्या पँटी बघ कशा कडक निघतात!"

दिवाण अरुंद, मी रुंद. मधलं अंग गादीखाली घट्ट दबलं, कडा बाहेर राहिल्या. एक कड भिंतीला अडून वर वळली. दुसरीवर धाकट्या ऋषीने दप्तर आदळलं, ती खाली गेली.

प्रदर्शनाच्या सकाळी मला बाहेर काढलं.

"ताई, ही गॅलॅक्सी आहे की भाजलेला पापड?" ऋषी खिदळला.

"कडा कापून टाक, सपाट दिसेल," आई म्हणाली.

अबोलीने पुन्हा कात्री घेतली. थंडगार पातं माझ्या कडेला लागलं. मित्रांनो, पुठ्ठ्याला डोळे नसतात, तरी मी ते गच्च मिटले.

पातं थांबलं.

"आई, अगं खऱ्या दीर्घिकांच्या कडा अश्शाच वाकतात! चार्ट लिहिताना वाचलंय मी. मध्ये गुरुत्वाकर्षणाची पकड घट्ट, तुझ्या गादीसारखी. कडेला ती सैल पडते. मग शेजारची दीर्घिका ओढते, नाहीतर बाहेरून वायू तिरका येऊन पडतो, आणि कड वाकते."

"मग मी कोण?" ऋषीने विचारलं.

"तू? शेजारची आगाऊ दीर्घिका!"

तिने माझ्यावर कापसाच्या सर्पिल भुजा चिकटवल्या. शाळेत विज्ञानाच्या सुनीती मॅडमनी नेमकं त्याच कडेवर बोट ठेवलं. "ही वाकडी का?"

अबोलीने मला दोन्ही हातांनी उचलून धरलं. तिचा आवाज खणखणीत निघाला, "मॅडम, वाकडी आहे म्हणूनच खरी आहे!"

मॅडमनी मला ठेवून घेतलं; आता मी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटावर असतो. भंगारवाल्याची हाक इथेही ऐकू येते आणि मी अजूनही दचकतो. म्हणून सांगतो मित्रांनो, आवराआवर करताना कुणाची कड वाकडी दिसली, तर लगेच कात्री उचलू नका. ती कुणी ओढली, तेवढं आधी विचारा.