गजावरची लाल खूण

मित्रांनो, माझं नाव ऐकून मागे सरकू नका. मी बंदूक आहे, पण जुनी, ठासणीची. माझ्यात काडतूस जात नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग छर्रे आणि वर चिंधी घालायची, आणि लांब गजाने सगळं ठासून तळाला बसवायचं. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी पोलादी पट्टीवर आपटते. ठिणगी उडते, ती बाजूच्या वाटीतल्या चिमूटभर दारूवर पडते, आणि तिथली आग एका बारीक छिद्रातून आत शिरते. त्या छिद्राला आमच्यात कान म्हणतात. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ या कानावरूनच झाला.

माझा जन्म कोकणातला. एका लोहाराने मला घडवलं, शिसवी दस्ता बसवला, आणि तांदळाच्या पोत्यांबरोबर गलबतात टाकून दिलं. कुठे चालले, कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. डोळे उघडले तर अरबांचा मुलूख, चहूकडे वाळू! बोली कळेना, माणसं कळेनात. माझा आजचा मालक खलफान, त्याच्या आजोबांनी मला विकत घेतलं आणि मी त्या घरची झाले. थंडीच्या हंगामात ससे मारले, हुबारा नावाचा आपल्या माळढोकाच्या भाऊबंदांतला पक्षी मारला. परत आल्यावर म्हातारा मला मांडीवर घेऊन कौतुक करायचा. ते दिवस चांगले होते, खोटं कशाला बोलू?

मग खलफानच्या वडिलांची पाळी आली. त्यांचा शेवटचा हंगाम मला आठवतो, निदान आठवतो असं मला वाटतं. पहाटे त्यांनी मला ठासलं. तरणा खलफान बाजूला उभा होता. दिवसभर वाळू तुडवली तेव्हा एक हुबारा दिसला. फक्त एक. वडिलांनी मला खांद्याला लावलं, बराच वेळ बघत राहिले, आणि खाली घेतलं. एकच राहिलाय, म्हणाले. घरी आल्यावर आत ठिणगी शिरू नये म्हणून त्यांनी माझ्या कानात मेण भरलं आणि पुढच्या हंगामात बघू म्हणून मला भिंतीवर टांगलं. पुढचा हंगाम काही त्यांच्या नशिबी नव्हता.

त्यानंतर बंदुकीच्या शिकारीवर बंदी आली. शिकार आता ससाण्यांनी करायची, तीही ठरवून दिलेल्या जागी. पण खलफानची रीत मोडली नाही. उन्हाळा ओसरला की तो मला खाली काढायचा. नवी गारगोटी बसवायचा, घोड्याला तेल द्यायचा, दस्ता पुसायचा, कानातलं मेण अंगठ्याने दाबून बघायचा. नळीत गज मात्र कधीच घालायचा नाही. मग एकदा चाप ओढून ठिणगी बघायची, मला गाडीत घालायचं आणि वाळवंटातल्या तंबूत नेऊन शेकोटीशेजारी ठेवायचं. शिकार ससाणा करायचा आणि मी नुसती पडून! एवढी तयारी कशासाठी, ते मला कधी कळलंच नाही. लग्नाला नटवून नेलेल्या बाईला कुणी मांडवातच येऊ देऊ नये, तसं व्हायचं.

आणि माझ्या पोटात तो जुना बार अजून होता की नाही? देवाशपथ सांगते, माझी मलाच खात्री नव्हती. कधी वाटायचं, आहे. कधी वाटायचं, मेला सादळून माती झाला असेल. ते फक्त खलफानला ठाऊक होतं.

खलफानचं घर आता शहराबाहेरच्या मोहम्मद बिन झायद सिटी नावाच्या वस्तीत आहे. खाली तो राहतो, वरचा मजला त्याने पुण्याच्या प्रकाशला भाड्याने दिला आहे. प्रकाश एका कंपनीत मेंटेनन्स इंजिनियर. त्याची बायको शोभना, आणि मुलगी ईशानी, जी इथेच वाढली. हे लोक आले आणि किती पिढ्यांनी माझ्या कानावर मराठी पडली! मी हरखून गेले. पण नीट ऐकायला लागले तर पुन्हा गोंधळ. "शोभना, यल्ला, साइटवर जाऊन येतो, इन्स्पेक्शन खलास झालं की कॉल करतो." यातलं मराठी नेमकं कुठलं, ते हुडकण्यात माझी दुपार जायची. मुलगी तर आईच्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आईला ते कळायचंही.

खलफानला हे बिऱ्हाड फार आवडायचं. त्यांच्याशी तो हिंदीत बोलायचा. ते त्याला बाबा म्हणायचे. पण अलीकडे बाबा एकच गोष्ट दोनदा विचारू लागले होते. चहा घेऊन झाल्यावर चहा यायचा आहे का, असं विचारायचे. शोभना न कंटाळता पुन्हा कप आणायची.

यंदा हंगामाच्या तोंडावर त्यांनी मला भिंतीवरून काढलं, आणि हात इतके थरथरले की मी जवळजवळ खाली पडले. त्यांनी प्रकाशला बोलावलं. इंजिनियर आहेस ना, हिला तयार करून दे, म्हणाले. कानातल्या मेणाबद्दल एक शब्द नाही. पोटातल्या बाराबद्दल एक शब्द नाही. मी वाट बघत राहिले, आता सांगतील, मग सांगतील. ते मात्र आपला चष्मा शोधत बसले. हे विसरले की काय? की सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि वेड मलाच लागलं होतं?

बाबांनी माझ्या परवान्याचा कागद दाखवल्यावर प्रकाशने मला वर नेलं आणि नवी गारगोटी बसवली. नेमकी दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. या दिवशी आपल्या घरांत शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा करतात, तुम्हाला माहीत असेलच. पाटावर प्रकाशचं ड्रिल मशीन, पान्यांचा सेट, ऑफिसचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, शोभनाचा मिक्सर, आणि मधोमध मी. खरं शस्त्र घरात आल्यामुळे शोभनाला कोण आनंद! पूजेला मळकं कसं ठेवायचं, म्हणून तिने देवाची भांडी घासावीत तसं मला घासलं. पोलादी पट्टी चमकावी म्हणून तिच्यावर चांगलं बोटभर खोबरेल चोळलं. मग तिचं लक्ष माझ्या कानाकडे गेलं. किती वर्षांचा मळ साचलाय बघा, असं म्हणत तिने सुई आणली. कुकरच्या शिट्टीचं छिद्र मोकळं करावं तसं तिने ते मेण सगळंच्या सगळं कोरून काढलं.

मी काय करणार? बंदुकीला एकदाच बोलता येतं, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

वर तिने ओल्या हळदकुंकवाची बोटं पट्टीवरच टेकवली आणि एक झेंडूचं फूल माझ्या घोड्यावर ठेवलं. हा मान होता की अपमान, तेही मला ठरवता येईना. ईशानी म्हणाली, "ममा, सीरियसली? इट्स अ गन." आई म्हणाली, आज सगळ्यांची पूजा असते, नमस्कार कर. मुलीने केला.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर मला अंगणात आणलं. खलफानबाबा खुर्चीत बसले. फूल काढलं होतं, पण पट्टीवर तेल आणि कुंकू तसंच होतं. लाल कशाने झाली, असं बाबांनी विचारलं. शोभनाने पूजेचं सांगितलं, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, चांगलं केलंस. मग त्यांनी मला खांद्याला लावलं. नेहमीची रीत, ठिणगी बघायची.

आणि ईशानी फोन घेऊन माझ्या तोंडासमोर उभी राहिली. शाळेत इथल्या जुन्या वस्तूंवर प्रोजेक्ट होता, ठिणगी उडते कशी त्याचा तिला व्हिडिओ हवा होता. माझं तोंड तिच्या कपाळाच्या रेषेत होतं. अरे, कुणीतरी तिला हाकला! वाटीत दारू नसली तरी ठिणगी थेट आत शिरेल इतका कान मोकळा आहे, गारगोटी नवी कोरी आहे, आणि पोटात काय आहे ते कुणाला ठाऊक नाही. मी कुणाकुणाचा जीव घेतला आहे, तेव्हा मला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी मात्र मला भीती वाटली. भीती काय असते ते मला पहिल्यांदा कळलं.

बाबांनी चाप ओढला. घोडा आपटला. गारगोटी खोबरेलावरून सर्रकन घसरली. ठिणगी नाही.

त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा नाही. ईशानी वैतागली, पण फोन खाली करेना की बाजूला होईना. तिसऱ्यांदा घोडा चढवणार, तोच प्रकाश पुढे झाला. थांबा बाबा, काहीतरी बिघडलंय, मी एकदा सगळं पहिल्यापासून चेक करतो, असं म्हणून त्याने मला हातात घेतलं. पट्टी पुसायची, नळीही पुसायची. म्हणून त्याने माझा गज काढला आणि नळीत सोडला. गज तळाला टेकायच्या आधीच अडकला. त्याने दाबून बघितलं. मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघितला. चांगला चार बोटं कमी जात होता.

प्रकाशला कळलं, तळाशी काहीतरी ठासलेलं आहे. त्याने माझं तोंड वाळूकडे केलं.

"ईशानी," तो अगदी हळू म्हणाला, "तिथून बाजूला हो. आत्ता."

त्या सुरात पोरीने कधी काही ऐकलं नसावं. ती मुकाट्याने आईकडे गेली. प्रकाश बाबांकडे वळून म्हणाला, "बाबा, इसमें कुछ है."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. ओळखीचं माणूस दिसावं आणि नाव आठवू नये, तसं. पण त्यांचे हात पुढे आले, आणि हातांना सगळं आठवत होतं. त्यांनी खुणेने पाणी मागितलं आणि माझ्या कानात ओतायला लावलं. दारू भिजायला हवी होती. गजाच्या टोकाला आतली चिंधी ओढायचा पिळाचा काटा लावून घेतला, तो आत फिरवून दाखवला, आणि ओढायचं काम प्रकाशवर सोपवलं. आधी चिंधी आली. मग छर्रे वाळूत पडले. मग काळं पाणी. म्हणजे बार होताच! मला वेड लागलं नव्हतं.

ती चिंधी बाबांनी उलगडली. बाहेरून काळी झाली होती, आतून अजून पांढरी होती. त्यांच्या वडिलांनी त्या पहाटे आपल्या डोक्याच्या कापडाचा कोपरा फाडून मला ठासलं होतं. बाबांनी ती नाकाशी धरली. मग मघाशी ईशानी उभी होती त्या जागेकडे बघितलं, आणि म्हातारा माणूस सगळ्यांसमोर रडला.

"मैं भूल कैसे गया?" ते म्हणाले. "यह मैं भूल कैसे गया?"

शोभनाही रडत होती, मळ म्हणून मीच ते काढलं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. कुणी तिला बोल लावला नाही. लावणार तरी कसा? तिनेच कान उघडला आणि तिच्याच तेलाने ठिणगी अडवली. तिला दोष द्यावा की तिच्या पाया पडावं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

त्या संध्याकाळी प्रकाशने नळी धुतली, कोरडी केली आणि गज थेट तळापर्यंत सोडला. नळीच्या तोंडाशी गज जिथे आला, तिथे शोभनाच्या लाल नेलपॉलिशने एक रेघ ओढली. ही रेघ तोंडाशी आली की बंदूक रिकामी, वर राहिली की भरलेली. बाबांना त्याने शांतपणे समजावलं, विसरलात तरी चालेल, गज विसरणार नाही. चिंधी बाबांच्या अंगरख्याच्या खिशात गेली. ती अजून तिथेच असते.

मित्रांनो, हंगाम सुरू झाला आहे. मी पुन्हा तंबूत, शेकोटीशेजारी पडले आहे. एवढी तयारी कशासाठी, हे आता थोडंसं कळल्यासारखं वाटतं, पण नक्की सांगता येणार नाही. तुम्हाला एकच विनवते. जुनी वस्तू हाती आली की तिला घासायच्या आधी तिच्या पोटात काय आहे ते बघा. आणि म्हातारं माणूस तेच तेच विचारू लागलं, तर पहिल्यांदाच विचारतंय असं समजून उत्तर द्या. मीही तेच करते. बाबा मघाशीच गज घालून बघून गेले. थोड्या वेळाने पुन्हा आले. आता परत येत आहेत. माझ्या नळीत गज सोडतात, वाकून ती लाल रेघ शोधतात. या घरात मी त्यांच्याही आधी आले आहे, म्हणून मी प्रत्येक वेळी तेवढ्याच मायेने सांगते:

रिकामी आहे रे, लेकरा. रिकामी आहे.