लेहतोवाराच्या रानात हरवलेला फोन

सायमीच्या नवऱ्याला, तूरेला, सकाळीच शस्त्रक्रियेसाठी आत घेतलं होतं. हृदयाची झडप बदलायची होती. "तुम्ही घरीच थांबा, झालं की आम्ही फोन करू," असं शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण घरी थांबायचं कसं, हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने खिडक्या पुसल्या. पुसलेल्या पुन्हा पुसल्या. कॉफी केली आणि तशीच ओतून दिली.

तिचा दीर इल्पो हे सगळं दारातून बघत होता. "ऊठ," तो म्हणाला. "शाळेमागे जाऊ, डिस्क फेकायला."

"वेड लागलंय का तुला? आज?"

"मग काय करणार आहेस? छप्पर धुणार?"

लेहतोवारा गावातली शाळा बंद पडल्यापासून तिच्या मागच्या रानात फारसं कुणी फिरकत नव्हतं. तिथलं डिस्क गोल्फचं मैदान तूरेनेच गावकऱ्यांना जमवून आखलं होतं. झाडांमधून वाटा काढल्या होत्या, आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला खांबावर लोखंडी टोपली, वर लोंबत्या साखळ्या. फेकलेली डिस्क, म्हणजे प्लॅस्टिकची चकती, साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली की पुढच्या वाटेला लागायचं. आता वाटाच उरल्या नव्हत्या. कमरेइतके नेचे, रास्पबेरीची काटेरी जाळी आणि मधूनच उगवलेली बर्चची कोवळी झाडं. जुलैचे डास तर नाकातोंडात शिरत होते.

सायमी एका हाताने डिस्क फेकत होती, दुसऱ्या हातात फोन.

"अगं, खिशात ठेव तो."

"आणि ऐकू नाही आला तर?"

"तुझा फोन वाजला की तळ्यापलीकडची कुत्री भुंकतात."

ती हसली नाही. डिस्क दर वेळी झाडावर आपटून गवतात बुडायची आणि दोघं काठीने गवत झोडपत बसायची. एका टोपलीत तर चक्क पक्ष्याने घरटं केलं होतं.

"बघ, काय अवस्था करून ठेवलीय," सायमी वैतागली. "स्वतः एवढं उभं केलं, मग राखायला काय झालं होतं त्याला?"

"दम लागत होता त्याला," इल्पो म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यात अर्ध्या वाटेवरचं गवत कापलं आणि इथेच खाली बसला."

सायमी थबकली. "मला नाही बोलला."

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी त्याला गाडीत कोंबलं असतंस."

"कोंबलंच असतं! आणि तू? तू का नाही सांगितलंस?"

तिने हातातली डिस्क जीव खाऊन भिरकावली. ती रास्पबेरीच्या जाळीत गेली आणि तिच्यामागे सायमीही तरातरा आत घुसली.

जाळीपलीकडे तांबूस रंगाचं एक पाडस उभं होतं, लांब पायांवर डुगडुगत. त्याच्यामागे त्याची आई. मूसची, म्हणजे भल्यामोठ्या रानहरणाची मादी, घोड्याहून उंच. तिचे कान मागे गेले, मानेवरचे केस ताठ झाले.

"पळू नकोस," मागून इल्पो पुटपुटला. "हळूच मागे ये. झाडाआड हो."

तेवढ्यात फोन वाजला.

मादी फुत्कारत झेपावली. सायमीने बर्चमागे उडी घेतली, फोन हातातून उडाला आणि नेच्यांमध्ये कुठेतरी वाजत राहिला. मादी झाडापाशी येऊन थांबली. तिचा श्वास सायमीला ऐकू येत होता. फोनकडे हात पुढे करायची सोय नव्हती. फोन वाजून वाजून थांबला. पाडस दुसरीकडे वळलं तशी मादीही त्याच्यामागे निघून गेली.

दोघांनी गुडघ्यांवर बसून फोन शोधला. काट्यांनी सायमीचे हात रक्ताळले. सापडल्यावर तिने त्याच नंबरवर परत फोन लावला, तर पलीकडे नुसतं संगीत. ती नेच्यांतून येरझारा घालत राहिली. शेवटी परिचारिका बोलली. झडप बसली होती. हृदय आपलं आपण चालत होतं. मात्र आज डॉक्टर त्याला शुद्धीवर आणणार नव्हते. "उद्या या," ती म्हणाली.

"गाडीची किल्ली दे," सायमी इल्पोला म्हणाली.

"उद्या बोलावलंय ना?"

"त्यांनी उद्या बोलावलंय. मी आज जातेय. तू येतोस की बसतोस इथे मूसबरोबर?"

इल्पो निमूट निघाला. डिस्क तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी तूरेने डोळे उघडले तेव्हा सायमी उशाशी उभी होती, केसांत अजून सुकलेली पानं. "दम लागतोय हे मला का नाही सांगितलंस?" तिने पहिलाच प्रश्न केला. त्याच्या तोंडात श्वासाची नळी होती. उत्तर देता येत नाही म्हणून त्याने नुसते डोळे मिटून घेतले. ती आणखी काही बोलणार, तोच परिचारिकेने तिला दंडाला धरून बाहेर नेलं.