मावशीच्या पणजोबांचा फ्रेश पाव

या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवला, तर सांगणाऱ्यालाच नवल वाटेल. पण ती घडली भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या रांगेसमोर.

मावशी बेकरीत भट्टीवर कामाला. त्या सकाळी मालकानं तिच्यापुढे कालच्या उरलेल्या पावांचा क्रेट आदळला नि वर हिरव्या स्टिकरांचा गठ्ठा. प्रत्येकावर एकच शब्द : फ्रेश.

"लावा पटापट, मावशी. रांग लागलीय."

"हे कालचे आहेत."

"मग? माणसं तोंडावर पाणी मारून फ्रेश होतात, पावाला काय धाड भरलीय? नसेल लावायचं तर ॲप्रन काढून ठेवा."

ॲप्रन गेला की घरची चूल गेली. पण स्वतः भाजलेल्या पावावर खोटं चिकटवायचं? मावशीचा हात धजेना. तिनं ॲप्रनची गाठ उलट आणखी आवळली, क्रेट उचलला आणि तडक काउंटरवर आणून ठेवला.

"लावते की," ती रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पण हा शब्द आमच्या घरचा आहे, त्याचा मान राखून लावीन. इंग्रजीत आधी फ्रेश म्हणजे खारट नसलेलं पाणी. बाकी हवा, भाजी, माणसं सगळी मागून घुसली. पावाला तो शब्द मिळवून दिला आमच्या पणजोबांनी! जहाजावर आचारी होते. त्यांनी पेटीवर खडूनं फ्रेश लिहिलं नि आत पाव ठेवले. जहाज जगाला वळसा घालून परतलं, कप्तानानं पाव मोडला, तर आतून अशी वाफ निघाली की त्याची मिशी पोळली!"

रांगेत खसखस पिकली. मालक दात-ओठ खात म्हणाला, "मावशी, पुरे झालं."

"पुरे कसं? असला पाव तुमच्या अख्ख्या घराण्यात कुणाला जमला नाही, त्याला आम्ही काय करणार? तुमचा कच्चा असेल. आमच्याकडे एकदा शब्द लिहिला की पाव शिळा होत नाही!"

पाव कच्चा! आजोबांपासून भट्टी चालवणारा माणूस तो. त्याच्या डोक्याची शीरच तडकली. काउंटरवर हात आपटून तो सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा गरजला,

"खोटं! साफ खोटं! कालचा पाव आज शिळाच, वर काय वाट्टेल ते चिकटवा!"