कडेला तेल न मिळालेली फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. जुनी म्हणजे अवघी दीड वर्षाची. पण मी खरं लाकूड आहे की नाही, हे ज्याला त्याला ठोकून बघायचं असतं. त्या ठोकाठोकीनेच मी म्हातारी झाले!

माझा जन्म नाचणगावचा. आरागिरणीतला सागवानाचा भुसा लोक जाळून टाकत. पौर्णिमाताईंनी आपल्या छोट्या कारखान्यात तो चाळून वाळवला, सोयाबीनच्या पिठाच्या चिकट खळीत मळला आणि गरम यंत्रात दाबला. मग माझ्या चारही कडांना जवसाचं तेल चोळलं, कारण माझ्यात पाणी शिरतं ते कडेनेच.

रोहणा गावच्या शाळेने माझा एक बाक महिनाभर वापरून बघायचं ठरवलं. टिकला तर चाळीस बाक घेणार. नाहीतर ताईंना कारखाना बंद करावा लागणार होता.

बाक जोडायला कैलास मिस्त्री आले. मी दोन बोटं लांब भरले, म्हणून त्यांनी मला कापलं.

"मिस्त्री, कापल्या कडेले तेल लावजा बरं!" ताईंनी फोनवरून बजावलं.

"हो हो," म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि शिपाई तानबाजींना म्हणाले, "सागवानाले तीस वर्षांत कधी तेल नाई पाजलं, अन् या भुशाले काऊन पाजू?" ताईंनी पाठवलेलं ते तेल त्यांनी आपल्या करवतीला लावलं. करवतीला! काय म्हणावं या माणसाला?

तानबाजी रोज बादलीभर पाण्याने वर्ग धूत. पंधरा दिवसांत माझी ती कड टम्म फुगली. "भुसा तो भुसाच," मुख्याध्यापिका सरिता मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी ताईंना बोलावून घेतलं.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी मिस्त्रींनाही बोलावलं आणि म्हणाल्या, "कडेवरून हात फिरवून पाहा."

मिस्त्रींचा हात तीन कडांवरून सरसर गेला आणि चौथीवर अडला.

"मॅडम, फळीचा दोष नाई," ते म्हणाले. "तेल म्याच नाई लावलं."

मॅडमनी आणखी एक महिना दिला. फुगलेली कड कापल्यावर मी बाकाला आखूड पडले, म्हणून माझ्या जागी माझी बहीण बसवली. तिच्या कापल्या कडेसाठी मिस्त्रींनी घरच्या स्वयंपाकातलं जवसाचं तेल आणलं. ती टिकली, चाळीस बाक झाले, कारखाना चालू राहिला. कौतुक सगळं तिचं! मी ताईंच्या दाराशी नमुना म्हणून टेकून उभी आहे, आणि येणारा प्रत्येक जण मला ठोकतो.

मित्रांनो, ठोकून काय बघता? माझ्या कडेवरून एकदा हात फिरवा. कोरडी लागली, तर बोटभर तेल द्या. मिस्त्री आता येता-जाता देतात, न सांगता.