नवा पडदा परत गेला

मित्रांनो, माझ्यासाठी टाळ्या वाजतात खऱ्या, पण मी बाजूला सरकलो की. मी एक जुना दर्शनी पडदा आहे, कोलकात्यातल्या एका मराठी मंडळाच्या रंगमंचाचा.

माझा जन्म बागबाजारातल्या एका गच्चीवरचा. मंडळातल्या बायकांनी मरून रंगाची मखमल आणली आणि आतून अस्तर लावलं ते स्वतःच्या जुन्या लुगड्यांचं. त्यामुळे प्रेक्षकांना मी राजेशाही दिसतो आणि नटांना घरगुती. दर गणेशोत्सवात मंडळाचं नाटक होतं. इथे जन्मलेली मुलं संवाद इंग्रजी अक्षरांत लिहून पाठ करतात, माझ्यामागे थरथरतात आणि पुढे गेली की खणखणीत मराठी बोलतात. इतकी वर्षं पाहतोय, तरी मला त्याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

पुढे माझे हाल झाले. उंदरांनी कड कुरतडली, दोरी अडकू लागली. एका प्रयोगात राजा मेला तरी मी मिटेना, शेवटी मेलेल्या राजालाच उठून आत जावं लागलं. लोक पोट धरून हसले. अध्यक्ष दिनकरकाका मात्र म्हणाले, आता याला निरोप द्यायला हवा.

तेव्हा मंडळातला केयूर पुढे आला. न्यू टाउनमधल्या एका कंपनीत तो नोकरीला होता. मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळायला लावणारी कंपनी ती. मोठ्या कंपन्यांना नफ्यातला थोडा वाटा समाजासाठी खर्च करावा लागतो. तो कुठे करायचा, हे पाहणाऱ्या विभागात केयूर काम करायचा. त्याने मंडळाला नवाकोरा पडदा मिळवून दिला, त्यावर कंपनीचं नाव जरीच्या अक्षरांत भरलेलं. मंडळात आनंदीआनंद झाला. उत्सवातल्या नाटकाआधी केयूरने कंपनीचे आभार मानायचे आणि प्रयोग संपला की मला उतरवून नवा चढवायचा, असं ठरलं. माझी फडकी होणार होती.

त्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. नारळ फुटला, दुसरी घंटा झाली. नाटकाची नायिका केयूरची बायको मीनाक्षी, आणि केयूरचंही त्यात काम होतं. दरवर्षी ती सासूबाईंच्या सोन्याच्या पाटल्या घालून उभी राहायची. यंदा हात मोकळे. बायकांनी विचारलं तर म्हणाली, दुरुस्तीला टाकल्यात. केयूर विंगेत उभा राहून मोबाइलवर आपल्याच कंपनीचे पत्ते खेळत होता. मीनाक्षी त्याच्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "पाटल्या कुठे गेल्या ते मला माहीत आहे. आता घराची पाळी. त्याआधी मी मुलीला घेऊन नाशिकला जाते. उद्याचं तिकीट काढलंय."

केयूरने मोबाइल खिशात टाकला. आभाराची वेळ झाली होती. तो माझ्यातून वाट काढून प्रेक्षकांसमोर गेला आणि हात मागे घेऊन त्याने मला घट्ट धरलं. कितीतरी नटांची भीती मी अंगावर झेलली आहे, पण इतका आधार माझ्याकडे कुणी मागितला नव्हता.

"कंपनीचे आभार मानायला मी आलोय," तो म्हणाला. "पण हा पडदा घेऊ नका. माझ्यासारखे लोक जे हरतात, त्यातून तो आलाय. माझ्या आईच्या पाटल्याही त्यातच गेल्या. मीनाक्षीशी मी खोटं बोलत आलो. मला खेळ सोडायचाय, पण एकट्याला जमत नाही."

नाटकातले शूर मी पुष्कळ पाहिले. ते तलवार घेऊन येतात आणि लिहून दिलेलं बोलतात. कुणी लिहून न दिलेलं, आणि तेही स्वतःविरुद्ध बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी नुसतं कापड, पण त्या क्षणी थक्क झालो.

दिनकरकाका पहिल्या रांगेतून उठले. आता रागावणार, असं मला वाटलं. ते म्हणाले, "पडदा परत जाईल. पैसा कुठून येतोय हे मीही विचारलं नाही. केयूर, तो मोबाइल माझ्याकडे दे आणि आत जा. पहिला प्रवेश तुझा आहे."

तिसरी घंटा झाली आणि मी अडखळत का होईना, पूर्ण उघडलो.

मीनाक्षी दुसऱ्या दिवशी नाशिकला गेलीच. केयूरने नोकरी सोडली, डॉक्टरांकडे जाऊ लागला. मध्ये एकदा घसरला, तेव्हा त्याने स्वतःहून दिनकरकाकांना फोन केला. दिवाळीनंतर मीनाक्षी परतली. पाटल्या काही परत आल्या नाहीत. पुढे अशा खेळांवर कायद्याने बंदी आली, पण चोरवाटा उरतातच.

मित्रांनो, कुणी देणगी देऊ लागलं तर ती कुठून आली हे जरूर विचारा, त्यात देणाऱ्याचा अपमान नाही. पडदा फाटका असला तरी नाटक चांगलं होतं. आणि तुमच्या जवळचं कुणी हल्ली मोबाइल लपवत असेल, तर त्याच्याशेजारी जाऊन बसा. केयूरला भरल्या सभागृहात बोलावं लागलं, कारण त्याआधी मंडळातल्या कुणीच त्याला बाजूला घेऊन 'तू बरा आहेस ना?' असं विचारलं नव्हतं.