सोजराबाईंचा डबा

मित्रांनो, मी एक जुना सेटटॉप बॉक्स आहे. पण वडगाव रासाईत मला या नावाने कुणी ओळखत नाही. इथे मी नुसता 'डबा'. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. मग पाहिलं, तर फडताळात पिठाचे, साखरेचे, चहाचेही डबे होते आणि त्यांच्यावाचून घराचं पान हलत नव्हतं. तेव्हा राग गेला.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. कुणीतरी पोटात हिरवी पाटी बसवली, चार स्क्रू पिळले आणि खोक्यात कोंबलं. डोळे उघडले ते शिरूरच्या एका दुकानात. शेजारी एक सोनेरी कडेचा बॉक्स होता. गिऱ्हाईक आलं की तो नुसता मिरवायचा. मी आपला काळा, ठेंगणा आणि सगळ्यात स्वस्त.

एके दिवशी सोजराबाई आणि त्यांचे मालक हौसराव दुकानात आले. पाण्याच्या मोटारीपासून मिक्सरपर्यंत घरातली प्रत्येक वस्तू आजवर हौसरावांनी नाहीतर मुलाने, विश्वजीतने पसंत केली होती. टीव्हीचा डबा मात्र मीच निवडणार, असं सोजराबाईंनी निघतानाच बजावलं होतं.

"म्हैन्याला रिचार्ज न लागणारा दाव," त्या म्हणाल्या.

दुकानदार पप्पूने सोनेरी कडेवाला पुढे केला. "मामी, ह्यो घ्या. मोबाइल जोडा, गेम खेळा."

"गेम कवा खेळू? म्हशीची धार काढताना?"

हौसराव मिशीत हसले. सोजराबाईंनी मला टीव्हीला जोडायला लावलं. चष्मा काढून ठेवला, रिमोटची बटणं अंगठ्याने चाचपली आणि बातम्या, कीर्तन, सिनेमा, सगळं स्वतः लावून पाहिलं. "ह्योच द्या. ह्याचं मला बिनचष्म्याचं जमतंय." सोनेरी कडेवाल्याचं तोंड तेव्हा पाहण्यासारखं झालं होतं.

डिशची छत्री बसवायला आलेला माणूस शिडी घेऊन स्लॅबवर निघाला, तर सोजराबाई आडव्या आल्या. "वर न्हाई. तिथं माझ्या कुरडया वाळत्यात." मग छत्री बसली अंगणाच्या कडेला, बांधाला अगदी चिकटून, कमरेएवढ्या खांबावर. पुढच्या रानात उसाची नुकतीच लागण झाली होती. कोंब वीतभरही नव्हते.

काय सुखाचे दिवस होते ते! हौसराव जेवताना कुस्त्या बघत आणि घास हातातच राहून जाई. सोजराबाईंनी तर कौतुकाने माझ्यावर क्रोशाचा रुमाल घातला. फार उकडायचं, पण कौतुकाला नाही कसं म्हणणार?

दिवाळी सरली आणि माझे दिवस फिरले. तारेतून काही येईनाच. वारा सुटला की क्षणभर चित्र दिसे, वारा पडला की पुन्हा काळा पडदा. कुस्तीत ऐन डाव पडताना चित्र गेलं, तेव्हा हौसराव म्हणाले, "आमच्या मंडळींची निवड लई भारी!" ते चेष्टेने बोलले, पण सोजराबाईंनी भाकरी जरा जोरातच थापली.

विश्वजीत शिक्रापूरला कंपनीत कामाला होता. रविवारी तो घरी आला, तो थेट सोनेरी कडेचा बॉक्स घेऊनच. "आई, स्वस्तातलं असंच असतं. हा जुना पुढच्या रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकू."

सोजराबाईंनी रुमालाची घडी केली आणि मला पिठाच्या डब्यामागे ठेवलं. मित्रांनो, भंगाराची भीती मला वाटलीच. पण त्या माउलीने पहिल्यांदाच हौसेने काही निवडलं होतं आणि मी तिचं नाक कापलं, याचं दुःख त्याहून मोठं होतं.

गंमत म्हणजे सोनेरी कडेवालाही मुका! विश्वजीत म्हणाला, "वायर गेली असंल. पुढच्या रविवारी बदलतो."

शनिवारी ऊसतोडीची टोळी आली. कोयते सपासप चालले. दुपारी सोजराबाई म्हशीसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणायला बांधावर गेल्या आणि छत्रीपाशी थबकल्या. छत्रीवर वाकलेला उसाचा दाट पडदा गेला होता आणि वर निळं आभाळ दिसत होतं. त्या उसाकडे घरातला प्रत्येकजण रोज बघत होता. कांड्या किती, वजन किती भरेल, सगळं बघून झालं होतं. छत्रीच्या जागी उभं राहून मात्र कुणीच पाहिलं नव्हतं.

वाढं तिथेच टाकून त्या घरात आल्या. सोनेरी कडेवाला त्यांनी लावूनही पाहिला नाही, नुसती त्याची वायर काढली. मला बाहेर काढलं, पदराने पीठ पुसलं आणि वायर जोडली. मी सगळा जीव एकवटला. पडद्यावर दोन पैलवान एकमेकांना भिडले!

"अवं, या हिकडं!" त्या ओरडल्या. "डबा चांगलाच व्हता माझा. ऊस आडवा आला व्हता!"

हौसराव धावत आले, पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चुकलं बाई. पर छत्री बांधावर कुनी लावाया सांगितली?"

"म्याच," सोजराबाई खळखळून हसल्या. "आता घ्या स्लॅबचा एक कोपरा!"

दुसऱ्या दिवशी भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. छत्री वर चढली, क्रोशाचा रुमाल पुन्हा माझ्यावर आला आणि सोनेरी कडेवाला विश्वजीतच्या खोलीवर शिक्रापूरला गेला. तिथे तो छान चालतो म्हणे. बरंच आहे, त्याचाही दोष नव्हताच. आता कुणी डबा घ्यायला निघालं की हौसराव सांगतात, "आधी आमच्या हिला इचारा."

तर मित्रांनो, एखादा गप्प झाला म्हणून त्याला लगेच टाकाऊ ठरवू नका. त्याच्यापुढे काय आडवं आलंय, ते आधी बघून या. आणि सोजराबाईंना कुणीतरी सांगा, रुमाल तेवढा काढा म्हणावं. फार उकडतंय.