मी जाऊ

"पेशंटच्या कोण तुम्ही?" दवाखान्याच्या दारातल्या रखवालदाराने विचारले.

"मी जाऊ."

"जा की मग. कुणी धरून ठेवलंय?"

"तुम्हीच म्हणालात हं," असे म्हणत ती सरळ आत शिरली. दुकान तसेच टाकून आलेली. कपडे बेतायची टेप अजून गळ्यातच होती.

वॉर्डात थोरल्या जावेचा मुलगा आईची बॅग भरत होता. मांडीचे हाड जुळून आले होते, आज घरी सोडणार होते. पण घरी नव्हे, तो तिला थेट वृद्धाश्रमात नेणार होता.

"माझ्याकडे आण. खाट मांडून आलेय," धाकटी हळूच म्हणाली.

"काकू, तू कशाला? बाबा गेले, काका गेले. दोन भावांच्या दोरीनं बांधलेलं नातं हे. दोरीच राहिली नाही." तो भाषेचा मास्तर, समजावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. "शब्दच बघ ना. जाऊ आला संस्कृत 'यातृ'वरून. यातृ म्हणजे जाणारीसुद्धा."

"मग गेलेच की मी. माहेर सोडून गेले. तुझी आईही तशीच. दोघी निघालो आणि एकाच चुलीपाशी पोचलो." तिने देवाचे नाव घेऊन श्वास सोडला. आवाज मात्र चढवला नाही. "नवरे दिवसभर बाहेर. भांडायला तरी आम्हाला कोण होतं? नळावरून भांडलो, झाकणांवरून भांडलो. जन्मभराचं भांडण कुणी परक्याशी करतं का रे?"

"लोक मला नावं ठेवतील."

"सांग, काकूनं पळवली."

डोळे मिटून पडलेली थोरली तेवढ्यात बोलली, "हिच्याकडची उशी दगडासारखी असते."

"आणि तुमच्या घोरण्यानं शेजारी उठतात, जाऊबाई."

"ऐकलंस?" थोरली मुलाला म्हणाली. "असं कोण बोलेल मला तिथं? बॅग काकूकडे दे."

त्याने बॅगेची चेन ओढून बंद केली. मग ती त्याने धाकटीच्या खांद्याला अडकवली.

चाकाची खुर्ची दाराशी आली तसा रखवालदार गालात हसला. "काय, आता जा म्हणू का?"

"म्हणा," थोरली म्हणाली. "आम्ही दोघी जाऊ."

खुर्ची ढकलायला धाकटी वाकली होती. तिच्या गळ्यातल्या टेपचे टोक चाकात जाऊ नये म्हणून थोरलीने ते मुठीत धरले होते, आणि फाटक मागे पडले तरी सोडले नव्हते.